हवा : भांड्यातली आणि आभाळातली

काही वर्षांपूर्वी आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीच्या मुलांसाठी मराठी टिपणांची एक पुस्तिका काढायचे ठरले. खेड्यांतल्या शाळांतून मराठी माध्यमात दहावी झालेली मुले विज्ञान शाखेत येतात आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकापुढे पहिले दोन-तीन महिने नुसती बसून राहतात. त्यांच्या हाताशी काही आधार असावा, एवढाच हेतू होता. कला शाखेचा भूगोलही त्याच पुस्तिकेत घेतला. विषय ज्याचा त्याने लिहायचा आणि मराठी विभागाने, म्हणजे मी, शुद्धलेखन व वाक्यरचना तपासून द्यायची, अशी वाटणी झाली. मराठीच्या प्राध्यापकाकडे याहून वेगळे काम सहसा येत नाही.

भूगोलाच्या टिपणात एक वाक्य होते : 'तापमान वाढले की हवेचा दाब कमी होतो.' चाळीसेक पानांनंतर रसायनशास्त्राच्या टिपणात दुसरे वाक्य आले : 'तापमान वाढले की वायूचा दाब वाढतो.' दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष होती. मला त्यांत एकही काना-मात्रा बदलावी लागली नाही. परंतु एकाच पुस्तिकेत, एकाच मुलाच्या हाती, ही दोन वाक्ये जाणार होती.

मी दोघांनाही विचारले. भूगोलाच्या मॅडम म्हणाल्या, "अहो सर, आपला मॉन्सून त्यावरच तर येतो." रसायनाचे सर म्हणाले, "गे-ल्युसॅकचा नियम आहे तो. परीक्षेत हमखास विचारतात." दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या टिपणात काय लिहिले आहे याची गरज आजवर कधी पडली नव्हती. मला मात्र राहवेना. दोन खरी वाक्ये एकमेकांना खोटे पाडत असतील तर दोहोंतूनही काहीतरी गळालेले असते, हे भाषेच्या शिक्षकाला निदान ठाऊक असते. काय गळाले असावे हे शोधत मी या विषयाच्या इतिहासात शिरलो. विज्ञानाचे शिक्षण नसलेल्या माणसाने केलेले हे वाचन आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

प्रथम जाणवले ते असे की, दाब आणि तापमान ही जोडगोळी आज आपण एका दमात उच्चारत असलो, तरी या दोघांचे वय सारखे नाही. दाबाला आकडा आधी मिळाला. उष्णतेला तो मिळायला बराच उशीर झाला. १६४३ साली फ्लॉरेन्समध्ये टॉरिचेल्लीच्या सांगण्यावरून पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी करण्यात आली आणि पारा सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीवर थांबला. तो थांबला याचे कारण बाहेरच्या हवेचे वजन, हे टॉरिचेल्लीने ओळखले. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहणारे प्राणी आहोत, ही कल्पना त्याचीच. पुढे १९ सप्टेंबर १६४८ रोजी पास्कलचा मेहुणा फ्लोरँ पेरिए अशी नळी घेऊन फ्रान्समधला प्युई द दोम हा डोंगर चढला. खाली क्लेरमाँ गावात एक नळी राखण बसवून ठेवली होती. माथ्यावर पारा तीन इंचांहून थोडा अधिक उतरला. समुद्राच्या तळापासून वर जावे तसे अंगावरचे ओझे कमी व्हावे, हे सिद्ध झाले. एका नळीने, एका पट्टीने, एका दिवसात.

उष्णतेच्या बाबतीत असे काही नव्हते. त्या काळी उष्णता दाखवणाऱ्या नळ्या होत्या, नाही असे नाही. पण प्रत्येक कारागिराची नळी वेगळी, तिच्यावरच्या खुणा वेगळ्या. या नळीतले दहा म्हणजे त्या नळीतले किती, हे सांगण्याची सोय नव्हती. खूण पक्की करण्यासाठी काय काय उपाय सुचवले गेले ते वाचताना मौज वाटते. रॉबर्ट बॉइलने बडीशेपेच्या जातीच्या एका तेलाचा गोठणबिंदू सुचवला होता. न्यूटनने १७०१ साली मांडलेल्या मापनात मानवी शरीराच्या उष्णतेला १२ हा आकडा दिला होता. पॅरिसच्या वेधशाळेखालच्या खोल तळघरातली थंडी बारा महिने सारखी असते म्हणून तिलाच स्थिर खूण मानणारे होते. दालांसे नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १६८८ साली लोणी वितळण्याची उष्णता प्रमाण धरावी असे म्हटले होते. आता लोणी कोणाच्या घरचे धरायचे, हा प्रश्न आपल्याकडच्या कोणाही गृहिणीने तत्काळ विचारला असता.

म्हणून बॉइलची गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. १६६२ साली त्याने इंग्रजी जे अक्षरासारख्या वाकवलेल्या नळीत पारा ओतत हवा दाबली आणि दाब दुप्पट केला की हवेचे आकारमान निम्मे होते, हे आकड्यांनिशी दाखवले. हा नियम सर्वांना परिचित आहे. त्याच प्रयोगाच्या हकिगतीत आणखी एक लहानसा प्रसंग आहे, तो मात्र सहसा कोणी सांगत नाही. दाबलेल्या हवेच्या भागावर बॉइलने ओले फडके गुंडाळून पाहिले, आणि मग तिथे मेणबत्तीची ज्योत धरली. ज्योतीने हवेत फरक पडतो हे त्याला दिसले. फडक्याने किती थंडी दिली आणि ज्योतीने किती ऊब दिली हे सांगायला त्याच्यापाशी अंशच नव्हते, आणि ज्याचे माप नाही त्याचा नियम कसा करायचा? बॉइलच्या नियमानंतर उष्णता आणि वायू यांचा नियम शास्त्रात स्थिरावायला १८०२ साल उजाडले. मधली एकशे चाळीस वर्षे बुद्धी कमी पडली म्हणून गेलेली नाहीत; अंश ठरवण्यात गेली.

या मधल्या काळात, एकमेकांपासून तेरा वर्षांच्या अंतराने, आमच्या पुस्तिकेतली दोन्ही वाक्ये जन्माला आली.

पहिले भूगोलाचे. १६८६ साली एडमंड हॅलीने, धूमकेतूमुळे आपल्याला माहीत असलेल्या त्याच हॅलीने, लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात व्यापारी वारे आणि मॉन्सून यांवर एक निबंध लिहिला. सोबत नकाशा होता. त्यात अटलांटिकबरोबर आपला हिंदी महासागरही होता आणि वाऱ्यांच्या दिशा बारीक रेघांनी काढल्या होत्या. वयाच्या विशीत हॅली सेंट हेलेना बेटावर राहून आला होता, आणि उष्ण कटिबंधातले वारे त्याने स्वतः अनुभवले होते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : सूर्याने जिथे हवा तापते तिथे ती विरळ व हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यायला शेजारची थंड, जड हवा धावून येते. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे आला की हिंदी महासागराच्या उत्तरेची जमीन तापते, म्हणून वारा समुद्राकडून जमिनीकडे वळतो. पृथ्वीच्या फिरण्याचा वाऱ्यावरचा परिणाम त्याला नीट उमगला नव्हता. ती चूक हॅडलीने १७३५ साली दुरुस्त केली. पण तापलेली जमीन आणि तिच्याकडे ओढला जाणारा वारा, हे नाते हॅलीने बरोबर पकडले होते. अरबी समुद्रावरून येणाऱ्या ज्या वाऱ्यांवर कोकणातल्या पेरण्या आणि सुरतेची गलबते शतकानुशतके अवलंबून होती, त्या वाऱ्यांचे कारण लंडनच्या निबंधात लिहिले जात होते, तेव्हा इकडे संभाजीराजांचा काळ चालू होता. हा योगायोग मी केवळ कालाचे भान यावे म्हणून नोंदवतो. त्यातून काही सिद्ध करायचे नाही.

दुसऱ्या वाक्याचा जनक गियोम आमोंतों. या लेखाचे निमित्त खरे म्हणजे तोच आहे.

आमोंतोंचा जन्म पॅरिसमध्ये १६६३ सालचा. वडील वकील. शाळेत असतानाच त्याची श्रवणशक्ती जवळजवळ गेली. विद्यापीठाचे शिक्षण त्याला मिळाले नाही. फ्रेंच विज्ञान अकादमीचा सचिव फाँतनेल दिवंगत सभासदांवर मृत्युलेख लिहीत असे. त्याने आमोंतोंवरही लिहिला. त्यात तो सांगतो की, या माणसाला आपल्या बहिरेपणाची खंत नव्हती. उलट त्यामुळे चित्त एकाग्र राहते असे त्याला वाटे. मृत्युलेखातल्या अशा विधानांवर किती भिस्त ठेवावी हा प्रश्नच आहे. दुसऱ्याच्या व्यंगाला वरदान म्हणण्याची हौस धडधाकट माणसांना सर्व देशांत असते. परंतु आमोंतोंने ज्या गोष्टींत लक्ष घातले त्या पाहिल्या की फाँतनेलचे म्हणणे अगदीच टाकवत नाही. दूरवर उंच जागी खुणा करायच्या, दुर्बिणीतून त्या वाचायच्या आणि तशाच पुढच्या ठाण्याला कळवायच्या, अशी निरोप पोचवण्याची एक युक्ती त्याने राजघराण्यातल्या मंडळींसमोर करून दाखवली होती. ऐकू न येणाऱ्या माणसाने डोळ्यांनी चालणारी तार कल्पावी, यात नवल नाही. तरुणपणी तो कधीच न थांबणाऱ्या यंत्राच्याही नादी लागला होता. घर्षणाचे जे नियम आज भौतिकशास्त्रात शिकवतात तेही त्याने १६९९ साली मांडलेले आहेत.

त्याच १६९९ साली, अकादमीत नुकताच प्रवेश मिळालेला असताना, त्याने विस्तवाच्या बळावर फिरणाऱ्या एका चाकाची कल्पना मांडली. घोडे आणि पाण्याचा प्रवाह यांच्याऐवजी तापलेल्या हवेने पाणी ढकलून चाक फिरवायचे. यासाठी त्याला एक व्यावहारिक हिशेब हवा होता : उकळत्या पाण्याच्या उष्णतेने कोंडलेल्या हवेचा जोर किती वाढतो? उत्तर आले, साधारण एक तृतीयांशाने. त्याहून महत्त्वाचे असे की, हवा थोडी कोंडा की पुष्कळ, आधीच दाबलेली घ्या की मोकळी, वाढ त्याच प्रमाणात होते. आरंभीचा दाब दुप्पट असेल तर वाढही दुप्पट. चाक काही फिरले नाही. पण रसायनाच्या सरांचे वाक्य इथे जन्मले.

यानंतर त्याने जी उडी घेतली ती मला थक्क करणारी वाटते. उष्णतेने कोंडलेल्या हवेचा दाब नेमक्या प्रमाणात वाढत असेल, तर मग दाबानेच उष्णता का मोजू नये? १७०२ साली त्याने असा तापमापक करून दाखवला. खाली वाकवलेली सुमारे चार फूट लांबीची काचेची नळी, टोकाला हवेचा फुगा, नळीत पारा. फुग्यातली हवा तापली की ती पसरू पाहते. पाऱ्याचा स्तंभ तिला पसरू देत नाही. किती उंचीचा पारा तिने पेलला ते मोजायचे आणि त्यात त्या दिवशीच्या वायुभारमापकातली उंची मिळवायची. त्याच्या उपकरणात उकळत्या पाण्याला ७३ इंच आणि बर्फाला साडेएक्कावन्न इंच असा आकडा येत असे. बॉइलपाशी नसलेले अंश आता मिळाले होते, आणि ते दाबाकडूनच उसने घेतलेले होते.

आता थोडा हिशेब. ७३ मधून साडेएक्कावन्न गेले तर साडेएकवीस इंच उरतात. म्हणजे उकळत्या पाण्यापासून बर्फापर्यंत येताना हवेचा जोर एवढा उतरला. याच गतीने थंडी वाढत राहिली तर कधीतरी हवेचा सगळा जोर संपेल, ती काहीही पेलू शकणार नाही. आमोंतोंच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या तापमापकावरची परमावधीची थंडी म्हणजे हीच. शंभर अंशांची पट्टी तेव्हा नव्हती. आजच्या मापात त्याचे आकडे बसवले तर ही थंडी शून्याखाली सुमारे २४० अंशांवर येते. लँबर्टच्या १७७९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून ती उणे २७० च्या आसपास निघते. आजचा स्वीकृत आकडा उणे २७३.१५ आहे. पॅरिसच्या हिवाळ्यापेक्षा फारशी कडक थंडी न पाहिलेल्या, काचेची नळी आणि पारा एवढेच साहित्य असलेल्या माणसाने थंडीला तळ असतो हे सांगावे आणि तो तळ तेहेतीस अंशांच्या अंतराने हुकावा, हे हुकणे म्हणायचे की काय म्हणायचे?

या मापाने पाहिले की आपली रोजची समजूतही हलते. नागपूरचा पंचेचाळीस अंशांचा मे महिना आणि दहा अंशांची डिसेंबरातली पहाट यांत आपल्याला जमीन-अस्मानाचा फरक वाटतो. थंडीच्या खऱ्या तळापासून मोजले तर एक ३१८ आणि दुसरी २८३. म्हणजे फरक जेमतेम आठव्या हिश्श्याचा! आपण ज्याला उन्हाळा आणि हिवाळा म्हणतो तो फार उंच इमारतीच्या वरच्या दोन-तीन मजल्यांवरचा खेळ आहे.

आमोंतोंने आणखी एक गोष्ट टिपली होती. पाणी एकदा उकळू लागले की कितीही जाळ घाला, त्याची उष्णता वाढत नाही. इतर काही जणांच्याही हे ध्यानात आले होते, हॅलीच्याही. पण आमोंतोंचे टिपण वाचून ज्याने हातात काम घेतले तो फॅरनहाइट. पाणी ठरावीक उष्णतेला उकळते असे आमोंतोंने शोधल्याचे वाचले आणि तसा तापमापक स्वतः करावा अशी इच्छा झाली, असे त्याने १७२४ साली लिहून ठेवले आहे. त्याने पाऱ्याचे सुबक तापमापक केले आणि त्यांनीच त्याला एक पेच दाखवला : पाणी ठरावीक उष्णतेला उकळते हे खरे, पण त्या दिवशी हवेचा दाब जो असेल त्या दाबापुरते. दाब कमी असला की पाणी लवकर उकळते. महाबळेश्वरी चहाचे पाणी सखल गावातल्यापेक्षा चार-पाच अंश आधीच उकळते ते यामुळे.

पेच असा की, उष्णता मोजायला दाब घ्यावा, तर दाब-उष्णतेचा नियम आधीच गृहीत धरावा लागतो. म्हणून पाण्याच्या उकळण्याची पक्की खूण घ्यावी, तर ती खूणही पुन्हा दाबावरच टेकलेली. सेल्सिअसने १७४२ साली शंभर अंशांची पट्टी मांडली (त्याच्या पट्टीत उकळते पाणी शून्यावर आणि बर्फ शंभरावर होते, ती पुढे उलटवण्यात आली) तेव्हा त्यालाही वायुभारमापक शेजारी ठेवावा लागला. १७७७ साली रॉयल सोसायटीने कॅव्हेंडिशच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने निर्णय दिला की, वायुभारमापकात पारा २९.८ इंचांवर असताना उकळबिंदूची खूण करावी. ज्याला आपण शंभर अंश म्हणतो त्या आकड्याच्या पोटात अशी एक दाबाची अट दडलेली आहे. तापमापकावर ती लिहिलेली नसते.

आमोंतों १७०५ साली, बेचाळिसाव्या वर्षी वारला. त्याच्या प्रयोगाचे पडताळे घेणाऱ्यांना वेगवेगळी उत्तरे येत गेली. भांड्यात राहिलेला पाण्याचा ओलावा हे त्याचे मोठे कारण असावे. पाण्याची वाफ झाली की ती आपला वेगळाच जोर दाखवते. (प्रेशर कुकरचे उदाहरण या नियमासाठी देण्याची पद्धत आहे, ते याच कारणाने फसवे आहे. कुकरमध्ये दाब वाढतो तो मुख्यतः नवी वाफ तयार होत राहिल्यामुळे. आत कोंडलेल्या हवेचा त्यात वाटा थोडा.) शतक उलटले. १७८७ च्या सुमारास जाक शार्लने निरनिराळे वायू सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात हे पाहिले आणि काहीही प्रसिद्ध न करता ठेवून दिले. हायड्रोजनच्या फुग्यातून १ डिसेंबर १७८३ रोजी आकाशात गेलेला शार्ल तो हाच. आमच्या पुस्तकांनी त्याला इंग्रज करून 'चार्ल्स' केले आहे. १८०१ साली मँचेस्टरमध्ये डाल्टनने तशीच निरीक्षणे मांडली. आणि १८०२ च्या जानेवारीत तेवीस वर्षांच्या गे-ल्युसॅकने पॅरिसमध्ये आपला निबंध वाचला. त्याने वायू काळजीपूर्वक कोरडे करून घेतले होते. १०० भाग वायू बर्फापासून उकळत्या पाण्यापर्यंत तापवला की १३७.५ भाग होतो, मग तो हवा असो, ऑक्सिजन असो वा हायड्रोजन, असा त्याचा निष्कर्ष होता. आणि हे शार्लला पंधरा वर्षांपूर्वीच दिसले होते, असेही त्याने त्यात प्रामाणिकपणे नोंदवले.

या प्रामाणिकपणाचा परिणाम विचित्र झाला. गे-ल्युसॅकने मोजले ते आकारमान. दाब त्याने स्थिर ठेवला होता. पण आकारमानाचा नियम शार्लच्या नावावर गेल्यामुळे गे-ल्युसॅकच्या नावासाठी दाबाचा नियम मोकळा राहिला, आणि तो त्याला चिकटला. ज्याने एक अक्षर छापले नाही त्याला एक नियम, ज्याने आकारमान मोजले त्याला दाबाचा नियम, आणि ज्याने दाब मोजला त्याला काही नाही! फ्रेंच पुस्तकांत तर ही दोन नावे आपल्या अगदी उलट वापरतात. तिथे दाबाचा नियम शार्लचा. अलीकडे काही इंग्रजी पुस्तके 'आमोंतोंचा नियम' असे लिहू लागली आहेत. आपल्याकडे अजून ते नाव पोचलेले नाही. साहित्याच्या इतिहासात एकाची रचना दुसऱ्याच्या नाममुद्रेवर जाण्याची उदाहरणे आम्ही वर्गात शिकवतो, तेव्हा विज्ञानात सगळे कसे नोंदलेले, तारीखवार असते, असा एक भाव आमच्या बोलण्यात असतो. तो आता मी आवरता घेतला आहे.

आमोंतोंच्या उपकरणाची कथा मात्र त्याच्या नावापेक्षा बरी निघाली. १८४८ साली विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, कोणत्याही पदार्थावर अवलंबून नसलेले तापमानाचे मापन सुचवले. थंडीचा तळ उणे २७३ च्या आसपास असला पाहिजे, हे त्याने त्यात मांडले. आणि १८८७ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय समितीने जगाचा प्रमाण तापमापक म्हणून जे उपकरण स्वीकारले ते होते स्थिर आकारमानाच्या हायड्रोजनचे : वायू कोंडायचा, पसरू द्यायचा नाही, आणि पारा किती पेलला ते मोजायचे. हवेऐवजी हायड्रोजन, आणि कमालीची अचूकता. बाकी कल्पना १७०२ सालचीच. पुढे मापनाच्या पद्धती बदलत गेल्या; २०१९ पासून केल्विन हे एकक बोल्ट्झमन स्थिरांकावरून ठरवले जाते.

आता पुन्हा आमच्या पुस्तिकेकडे. दोन्ही वाक्यांतून गळालेला शब्द होता 'भांडे'. आमोंतोंची हवा काचेच्या फुग्यात कोंडलेली आहे. तिला पळायला वाट नाही, म्हणून तापली की ती भिंतीवर जोर काढते. हॅलीच्या हवेला झाकण नाही. जमीन तापली की तिच्यावरचा हवेचा स्तंभ उंच फुगतो. वरच्या थरात ती हवा आजूबाजूला वाहून जाते. आणि जमिनीवरचा दाब म्हणजे डोक्यावरच्या हवेचे वजनच असल्यामुळे, तितकी हवा निघून गेली की खालचा दाब घटतो. मग समुद्रावरची हवा खालून आत शिरते. भूगोलाच्या वाक्यात कारण आणि परिणाम यांच्यामध्ये हा सगळा प्रवास घडून गेलेला आहे, आणि वाक्य तो दाखवत नाही. प्रमाणही ध्यानात घ्यावे. बर्फापासून उकळत्या पाण्यापर्यंत कोंडलेल्या हवेचा जोर एक तृतीयांशाहून अधिक वाढतो. उलट मे-जूनमध्ये थरच्या वाळवंटाभोवती जो कमी दाबाचा पट्टा तयार होतो तिथे दाब १०१३ वरून १००० हेक्टोपास्कलच्या थोडा खाली जातो, म्हणजे शेकड्याला एक-दोन. एवढ्याशा उताराकडे अख्खा मॉन्सून ओढला जातो.

शिवाय आभाळातल्या हवेचे वाक्य भांड्यातल्या हवेच्या वाक्याइतके आज्ञाधारकही नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून नियमित नोंदी होऊ लागल्या. उष्ण कटिबंधात इतरत्र दिसते तेच तिथेही दिसते : वायुभारमापक दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, सकाळी व रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे व दुपारी चारच्या सुमारास खाली. ऊन वाढले की दाब घटतो एवढेच खरे असते, तर पहाटे चारला, दिवसातल्या जवळजवळ सर्वांत थंड वेळी, तो का उतरावा? वरच्या थरांतला ओझोन आणि हवेतली वाफ सूर्याची उष्णता शोषतात आणि साऱ्या वातावरणात भरती-ओहोटीसारखी लाट उठते, हे उत्तर पूर्णपणे हाती यायला विसावे शतक निम्म्याहून अधिक सरावे लागले. भूगोलाच्या मॅडमना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, हे अकरावीला नको." त्यांचे बरोबर होते.

यात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे, असे मला वाटते. मराठीत फुग्यात भरतो ती हवा, पंखा घेऊन घालतो ती हवा, आणि 'आज हवा कशी आहे' म्हणतो तीही हवा. रसायनाच्या सरांनी 'वायू' लिहिले होते आणि मॅडमनी 'हवा'. त्यांच्या नकळत दोन शब्दांनी दोन वेगळ्या वस्तू दाखवल्या होत्या, पण मुलाच्या लेखी दोन्ही एकच. उन्हाळ्यात सायकलच्या ट्यूबमध्ये हवा गच्च भरू नये हे पंक्चर काढणाऱ्याला कळते आणि वैशाखात तापलेल्या रानावरून वावटळ का उठते हे शेतकऱ्याला दिसते. दोघांच्या ज्ञानात कधी भांडण होत नाही, कारण एकाच्या हातात ट्यूब असते आणि दुसऱ्याच्या डोक्यावर आभाळ. वाक्य पुस्तकात आले की ट्यूब आणि आभाळ दोन्ही जातात.

शेवटी आम्ही तिघांनी बसून वाक्ये बदलली. भूगोलाचे झाले : 'जमीन तापली की तिच्यावरची हवा पसरून वर चढते व बाजूला वाहून जाते, त्यामुळे जमिनीवरचा हवेचा दाब कमी होतो.' रसायनाचे झाले : 'बंद भांड्यातला वायू तापवला आणि त्याला पसरू दिले नाही, तर त्याचा दाब वाढतो.' दोन्ही वाक्ये लांबली, याची मला जरा हळहळ वाटली. पण एकमेकांशेजारी ती आता सुखाने नांदत होती. रसायनाच्या सरांनी उदार होऊन गे-ल्युसॅकच्या नावाखाली एक ओळ वाढवली : 'हे प्रथम आमोंतों याने दाखवले.'

पुस्तिका वाटल्यावर आठवड्याभरात विज्ञान शाखेतला एक मुलगा मला वऱ्हांड्यात भेटला. त्याने ते पान उघडून पुढे धरले आणि विचारले, "सर, हे आमोंतोंचं स्पेलिंग काय? पेपरात लिहिलं तर मार्क देतील का?" मी त्याला स्पेलिंग सांगितले, आणि पेपरात गे-ल्युसॅकच लिही म्हटले.